सीमाभागात सुई-सिरिंज वाटप: 60 जणांसाठी परवडतं का?

निपाणी_टिपण
नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडी पट्ट्यात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी सुई-सिरिंज वाटपाचा प्रस्ताव लिहायचा आहे. अंदाजे 60 माणसं धरली आहेत. एवढ्यांसाठी स्वतंत्र टीआय प्रकल्प (जास्त जोखमीच्या गटांसाठीचा एचआयव्ही-प्रतिबंध प्रकल्प) मागावा का? समिती 'एका सिरिंजमागे खर्च किती' हेच विचारते. तो आकडा द्यावा का?

आकडेमोड_खानापूर
तो देऊ नका, फसाल. सिरिंजा जास्त वाटल्या की तो आपोआप उतरतो, एचआयव्हीची लागण टळली की नाही हे त्यातून कळतच नाही. टळलेल्या एका लागणीमागे किती रुपये, ते काढा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने माणशी वर्षाला 200 च्या वर सिरिंजा म्हणजे चांगला पल्ला (गरजेपुरता पुरवठा), 100 च्या खाली म्हणजे तोकडा. माणशी 200 धरून तुमच्या 60 जणांचे 12,000 नग झाले. नग 5 रुपयांना धरला तरी 60,000 रुपये. खरे पैसे खातात ते पगार, भाडं आणि फिरती.

मांडणीपुरते आकडे घेऊ, पुढे तुमची कोटेशनं घाला. स्वतंत्र प्रकल्प वर्षाला 12 लाख, चालू टीआयला जोडून 4.5 लाख. काहीच केलं नाही तर वर्षाला शंभरात 5 जणांना नवी लागण, वाटपाने ती निम्मी. म्हणजे 60 जणांत 3 ऐवजी 1.5. एका लागणीमागे स्वतंत्रला 8 लाख, जोडून 3 लाख. आता लागण शंभरात 1 धरा: टळते फक्त 0.3, आणि तेच आकडे 40 लाख आणि 15 लाख होतात. सगळा खेळ लागणीच्या दराचा. म्हणून दोन्ही टोकं तक्त्यात दाखवा.

मणिपूर-पंजाबचा दर उचलून इथे चिकटवू नका. ऑस्ट्रेलियाचा सुईवाटपाचा 2000 ते 2009 चा हिशेब (1 डॉलरला 4 हून जास्त डॉलर उपचारखर्च वाचला) सगळेच देतात, पण तिथले उपचारांचे भाव वेगळे. बेळगावचा म्हणून अवाहन या एचआयव्ही-प्रतिबंध प्रकल्पाचा आकडा सापडेल, तो देहविक्रय करणाऱ्या महिलांमधल्या कामाचा आहे. तोही उसना नको.

साठा_वही
खानापूरकरांचा 'निम्मी' तेव्हाच खरा, जेव्हा सिरिंज वेळेवर हातात पडते. 'जुनी द्या, नवी घ्या' असा एकास एक नियम केलात की पल्ला कोसळतो, कारण पोलिसांच्या भीतीने वापरलेली सुई कुणी खिशात ठेवत नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम 22 मध्ये या वाटपाला संरक्षण आहे. त्याची प्रत कार्यकर्त्याच्या पिशवीत असू द्या, ठाण्यात आधी भेटून या.

सिरिंजचं माप आधी विचारा. सुई जोडूनच येणाऱ्या 1 मिलीच्या सिरिंजमध्ये रक्त फार कमी उरतं, म्हणून ती उत्तम. पण ज्याला 2 मिली लागते तो ती घेऊन टाकून देतो आणि दुसऱ्याची वापरतो. वहीत वाटप दिसतं, लागण मात्र टळत नाही.

परत आलेला माल पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत धारदार वस्तूंना तोच आहे. कचरा उचलणाऱ्याचं कंत्राट खर्चात धरायला बहुतेक प्रस्ताव विसरतात.

आणि सीमेची गोष्ट: पलीकडे महाराष्ट्रात कागलकडे सिरिंज घेणारा निपाणीतही घेतो, दोन्ही राज्यांच्या वहीत दोनदा मोजला जातो. तुमच्या 60 त असे किती? नाव नको, पण दोन्हीकडे चालेल असा एकच सांकेतिक क्रमांक ठरवा.

निपाणी_टिपण
म्हणजे चालू टीआयला जोडायचं. ओएसटी (नशेच्या पदार्थाऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देणं) पण घालावी का?

आकडेमोड_खानापूर
घाला, पण वेगळ्या ओळीत. अफूजन्य नशेवरच्या ओएसटीने एचआयव्हीचा धोका सुमारे 54 टक्क्यांनी घटतो असं एकत्रित अभ्यासांत दिसलं आहे. मात्र त्यातलं औषध, ब्युप्रेनॉर्फिन, सहसा रोज समोर बसवून जिभेखाली द्यावं लागतं. रोजचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी खर्चात धरली नाही, तर कागदावर स्वस्त दिसेल आणि दुसऱ्या महिन्यात निम्मे गळतील. केंद्र लांब असेल तर आधी सिरिंजा, मग हे.

हिपॅटायटिस सी सुद्धा मोजा की वो. सुईवाटे तो एचआयव्हीपेक्षा झपाट्याने पसरतो. तो वगळलात तर तुमचाच फायदा कमी दिसतो.