नव्या अल्बमच्या दौऱ्यात जुनी गाणी किती हवीत? – निमित्त डिलन

खर्ज
अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा ‘रफ अँड राउडी वेज’ हा अल्बम जून २०२० मध्ये आला. २ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या मिलवॉकीत या अल्बमचा दौरा सुरू झाला, तेव्हा डिलन ८० वर्षांचा होता. मैफलीत साधारण १७ गाणी, त्यांतली दौऱ्याच्या सुरुवातीला ८ आणि पुढे ९ याच अल्बममधली. अल्बममध्ये गाणी १०. सतरा मिनिटांचं ‘मर्डर मोस्ट फाउल’ तेवढं वगळलं. त्याची गाजलेली जुनी गाणी, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नाही, ‘ब्लोइंग इन द विंड’ नाही. माझ्या मते ज्येष्ठ गायकाने असंच गावं. ही गाणी त्याने आजच्या गळ्यासाठी लिहिली आहेत: पट्टी खालची, ओळी अर्ध्या बोललेल्या, लय संथ. तिशीतल्या पट्टीत ओरडून जुनं गाणं ओढण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

बाल्कनी
असहमत. नव्या गाण्यांना विरोध नाही, प्रमाणाला आहे. त्यांतली बरीचशी संथ ब्लूज (अमेरिकन कृष्णवर्णीयांची जुनी गानशैली) किंवा शफल (हेलकावे घेणारा ठेका); ‘क्रॉसिंग द रुबिकॉन’ सात मिनिटांच्या वर, ‘की वेस्ट’ साडेनऊ. अशी दोन-तीन जवळजवळ आली की सभागृह थंड पडतं. जी जुनी गाणी उरतात त्यांच्याही चाली बदललेल्या, निम्मं कडवं झाल्यावर गाणं ओळखू येतं. वर गायक मंचाच्या मध्यभागी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या पियानोमागे बसलेला. पुढच्या रांगेचं महाग तिकीट काढणाऱ्याला नुसते केस दिसतात, आणि मोठे पडदेही नाहीत.

साउंडचेक
पियानोचा मुद्दा खरा आहे. उपायही सोपा: मधल्या पुढच्या रांगा सोडा, बाजूची किंवा वरची जागा घ्या. फोन प्रवेशद्वारावर चुंबकी कुलपाच्या पिशवीत बंद होतो. पिशवी आपल्याकडेच राहते, पण उघडायची ती ठरलेल्या जागीच. म्हणून फोनवरचं तिकीट आधी स्कॅन करून घ्या आणि कुणाला कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. सुटताना उघडायला रांग लागते.
बदललेल्या चालींची तयारी डिलनचा ‘शॅडो किंगडम’ हा अल्बम ऐकून होते. ‘व्हेन आय पेंट माय मास्टरपीस’, ‘टू बी अलोन विथ यू’ वगैरे जुनी गाणी तिथे नव्या मांडणीत आहेत. मूळ रेकॉर्ड घोकून गेलात तर निराशाच.

बाल्कनी
म्हणजे मैफलीआधी गृहपाठ! पोस्टरवर अल्बमचं नाव असतं, मान्य. पण गाण्यांची यादी रोज जवळपास तीच. नवं काही करायचंच तर तिथे धाडस दाखवावं.

खर्ज
यादी तीच, मांडणी नाही. बंदिश तीच असून बढत रोज वेगळी असते तसं ऐका. ‘की वेस्ट’चा साज या दौऱ्यात वारंवार बदलला. आणि २०२३ च्या शरद ऋतूत गावागणिक एक गाणं आलं: कॅन्सस सिटीत ‘कॅन्सस सिटी’, सेंट लुइसला तिथल्याच रॉक-अँड-रोल गायक चक बेरीचं गाणं.
शिवाय हा दौरा मवाळच म्हणायचा. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड नाट्यगृहात डिलनने १४ मैफली केल्या. सगळी नवी भक्तिगीतं, त्यांतली कित्येक तोवर प्रसिद्धच झालेली नव्हती. जुनं एकही नाही.

बाल्कनी
बंदिशीची तुलना मला पटत नाही. ख्यालात राग श्रोत्याच्या ओळखीचा असतो, म्हणून बढत कळते. इथे नवख्याला धरायला काहीच नाही. चार नवी, बाकी जुनी बदललेल्या चालीत, एवढं प्रमाण मला चाललं असतं.