१२ दिवसांची पिल्लं : औषधवालं खाद्य घेऊ की जास्त प्रोटीनचं?

चोपडा_मळा
राम राम मंडळी. मळ्यात ४० पिल्लं आणलीत, ३० गिरीराज न् १० गावरान, आता १२ दिवसांची आहेत. अंड्यासाठी पाळायचीत, कोंबडे निघतील ते घरी खायला. सोबत आलेलं खाद्य संपत आलंय. बाजारात एक दुकानदार म्हणे ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर ने, प्रोटीन दाबून असतं, पिल्लं फुगतील. दुसरा म्हणे पावसाळा आहे, औषधवालंच घे नाहीतर रक्ती हगवणीत सगळी जातील. आप्पा म्हणतात दादर ज्वारीच्या कण्या टाका, आमच्या वेळी कोण गोण्या आणत होतं. आणि म्हशींची सरकी ढेप पडलीय घरात, ती थोडी मिसळली तर चालेल का, प्रोटीन तर तिच्यातही असतं ना?

तापीकाठ
ढेप नको भो!! सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हशीला पचतं, पिल्लाला नाही. वाढ खुंटते, आणि अंड्यावरच्या कोंबडीला दिली तर बलकाचा रंग पण बिघडतो.

रावेर_कुक्कुट
दोन्ही दुकानदार अर्धं अर्धं खरं बोलले. प्रोटीन आणि औषध हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकात दुसरं मिसळू नका.

आधी प्रोटीन. अंड्याच्या जातीच्या पिल्लाला २० टक्क्यांच्या आसपास लागतं, गोणीवर ‘चिक स्टार्टर’ किंवा ‘लेयर चिक’ लिहिलेलं असतं ते बघा. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर २२-२३ टक्क्यांचं, ते दिलं म्हणून पिल्लं मरत नाहीत, चिक स्टार्टर नाहीच मिळालं तर पहिले तीन-चार आठवडे बिनधास्त द्या, पण ते ४०-४५ दिवसांत कापायच्या पक्ष्यासाठी बनवलंय, तुमच्या गिरीराजला पुढेही तेच चालू ठेवलं तर चरबी धरेल आणि खिसा रिकामा होईल तो वेगळा. आठ आठवड्यांनंतर १६ टक्क्यांचं ‘ग्रोअर’ (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) पुरतं. एक मात्र पक्कं, मोठ्या कोंबड्यांचं लेयर फीड पिल्लांना चुकूनही नको. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, पिल्लाला एक टक्का बास, जास्तीचं मूत्रपिंडावर येतं. स्वस्त मिळतंय म्हणून हेच घेणारे लय बघितलेत.

आप्पांच्या कण्या वाईट नाहीत, पण ज्वारीत प्रोटीन १० टक्क्यांच्या आसपास, नुसत्या कण्यांवर पिसं नीट येणार नाहीत. दोन महिन्यांनंतर पिल्लं मळ्यात किडे-मुंग्या टिपायला लागली की संध्याकाळी मूठभर टाका खुशाल.

आता औषध. रक्ती हगवण म्हणजे कॉक्सी, आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होते, आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं सगळ्यात जास्त सापडतात, म्हणजे तुमची आता त्याच वयाकडे चाललीत. त्यात जमिनीवर, त्यात पावसाळा. मी तुमच्या जागी असतो तर अँप्रोलियम (कॉक्सी रोखणारं औषध) असलेलं चिक स्टार्टर घेतलं असतं. पण ते टाकलं म्हणून पिल्लांखाली अंथरलेला तूस ओला राहिला तरी चालेल असं नाही. भांड्याखालचा तूस मुठीत दाबून बघा, गोळा झाला तर तेवढा आजच उचला.

जनावरांचा_दवाखाना
वरच्यांना दुजोरा. थोडी भर, कारण हे कुणी सांगत नाही. अँप्रोलियम दिसायला बी-१ जीवनसत्त्वासारखं असतं, परजीवी तेच घेतो आणि उपाशी मरतो. त्यामुळे त्याच दिवसांत पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स टॉनिक चालू ठेवलं तर औषधाचा जोर कमी होतो. खाद्यातलं प्रमाण रोखण्यापुरतं असतं, रक्त दिसलं की पाण्यातून उपचाराचा डोस द्यावा लागतो, कारण आजारी पिल्लू खात नाही पण पाणी पितं. पंख पाडून, डोळे मिटून एका कोपऱ्यात गोळा झालेली दिसली तर रक्ताची वाट बघू नका, विष्ठेचा नमुना घेऊन दवाखान्यात या. हॅचरीला एकदा विचारा कॉक्सीची लस दिलीय का. दिली असेल तर औषधवालं खाद्य घेऊ नका, लसच वाया जाते.
आणि हे औषध मानमोडीवर (राणीखेत रोग) चालत नाही. मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात झाली का? गंबोरो रोगाच्या लसीची वेळ तर आताच आहे.

चोपडा_मळा
लासोटा झालीय डॉक्टर, गंबोरो राहिलीय, उद्याच बघतो. टॉनिक चालू होतं, बंद करतो. कॉक्सीची लस नाही दिली म्हणे हॅचरीवाला.

सारंगखेडा_घोडी
ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी वाचा. ब्रॉयलरच्या गोण्यांत बऱ्याचदा सॅलिनोमायसिन नाहीतर मोनेन्सिन हे कॉक्सीचं औषध असतं. कोंबडीला चालतं, घोड्याला विष, थोडंसं पोटात गेलं तरी हृदयावर जातं. गोण्या तबेल्यात ठेवू नका, ती घमेली घोड्याला वापरू नका.

मका_सोयाबीन
घरी बनवा ना, ६० किलो मका भरडा, ३५ किलो सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड), प्रोटीन २० टक्के बसतं. बाकी ५ किलोत मिनरल मिक्श्चर, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, चिमूटभर मीठ. शेतातलं सोयाबीन कच्चं दळून घालू नका, भाजल्याशिवाय पिल्लाला पचत नाही.

रावेर_कुक्कुट
हिशोब बरोबर आहे दादा, पण ४० पिल्लांसाठी कशाला, मिथिओनिन-लायसिन (प्रोटीनमधले गरजेचे घटक) कमी पडलं तर पिसंच टिपत बसतात एकमेकांची. दोनशेच्या वर पक्षी असतील तर पालच्या नाहीतर ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून मग करा.

चोपडा_मळा
गोणी ५० किलोची आहे, ४० पिल्लांना संपायला किती लागेल? सुट्टं घेऊ का?

रावेर_कुक्कुट
चार आठवड्यांपर्यंत एक पिल्लू अर्धा-पाऊण किलोच खातं, म्हणजे ४० पिल्लांना २०-३० किलो, गोणी महिनाभर तरी पुरेल, आणि पावसाळ्यात उघडी गोणी तेवढी टिकत नाही, बुरशी धरते, मक्याची बुरशी पिल्लाच्या यकृतावर जाते. शेजारी कुणी पाळत असेल तर अर्धी वाटून घ्या. सुट्टं घेणार असाल तर दुकानदाराला मूळ गोणीवरचं लेबल दाखवायला सांगा, प्रोटीन, कॅल्शियम, औषधाचं नाव आणि तयार केल्याची तारीख, मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या. नाही दाखवलं तर दुसरं दुकान.