मदत हवी आहे: बाबांच्या डीटीपीच्या दुकानातलं विंडोज १० बदलायचं आहे, पण जुन्या मराठी फॉन्टचं काय करू?

नमस्कार मंडळी,

नागपूरला महालात बाबांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, मारबतीच्या मंडळांची पत्रकं, अर्ज टाइप करून देणं, अशी कामं. मी शाळेत शिकवते, संध्याकाळी दुकानात बसते. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडेच असतं.

मशीन २०१७ चं आहे. इंटेल आय-३ सातव्या पिढीचा, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. विंडोज १० आहे, पण ३२ बिट. तेही मुद्दाम टाकून घेतलेलं, कारण मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरला डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) लागतो आणि त्याचा ड्रायव्हर ६४ बिटवर चढत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा लग्नसराई तोंडावर होती, राहून गेलं. गेल्या आठवड्यात मात्र एका गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले. फाइली लपलेल्या होत्या, परत मिळाल्या. पण त्या दोन तासांत बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. वीस वर्षांचं काम त्या एका डिस्कवर आहे.

बर्डीवर दोन ठिकाणी विचारलं. एक म्हणाले भंगारात द्या, नवीन घ्या. दुसरे म्हणाले विंडोजची हार्डवेअर तपासणी चुकवून ह्याच्यावरच विंडोज ११ टाकून देतो. मी घरी पाहिलं तर ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि ११ चं ३२ बिट निघालेलंच नाही. म्हणजे डोंगल तिथे संपला.

खरी अडचण बाबांच्या बोटांची आहे. त्यांनी टाइपरायटरवर मराठी ४० ची (मिनिटाला ४० शब्दांची) परीक्षा दिलेली. रेमिंग्टनच्या मांडणीवर ते कळांकडे न पाहता टाइप करतात. म्हणतात, "चालून राहिलं न, मग काहून छेडता?" त्यांचा हात थांबेल असं काही मला करायचं नाही.

तर तपासणी चुकवून ११ टाकावं का? नवीन घेतलं तर जुन्या फाइली उघडतील का? आणि हे करायचं कधी?

प्रतिसाद १

तपासणी चुकवून टाकू नका, निदान पोटापाण्याच्या मशीनवर तरी नको. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय ३२ वरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्यानेच टाकावं लागतं.

तूर्त विंडोज १० वरच जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्ज खात्याशी सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात.

आणि एक सांगतो, पेन ड्राइव्हचा तो व्हायरस ११ वरही येऊ शकतो. त्याला उपाय बॅकअपचाच. दोन बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, एक घरी ठेवा.

प्रतिसाद २

ताई, माझंही डीटीपीचंच काम आहे, इतवारीत. मी दोन मशीन ठेवली. जुन्याचं इंटरनेट कायमचं काढलं, त्यावर डोंगल आणि जुन्या फाइली. व्हॉट्सॲप, मेल, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह सगळं नव्यावर.

कृतिदेवसारखे फॉन्ट ११ वरही चालतात, ती नुसती फॉन्टची फाइल आहे. अडतं ते डोंगलवाल्या सॉफ्टवेअरचं. ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात, म्हणून फॉन्ट नसला की मजकुराची खिचडी दिसते. कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसते ती पद्धत) करता येतं, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. माझ्याकडे एका पत्रिकेत वराचं आडनाव बिघडलं होतं, तेव्हापासून प्रत्येक ओळ वाचतो.

बाबांना सांगा, रेमिंग्टनची मांडणी युनिकोडमध्येही मिळते. अर्धाक्षरं थोडी वेगळी लागतात, बाकी बोटं तीच. आषाढात करा. चातुर्मासात पत्रिका नसतात, आणि पोळ्याच्या आधी हात बसायला वेळ मिळतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नोंदणी आजच केली, पैसे लागले नाहीत. रविवारी दोन डिस्कवर कॉपी घेते.

दोन मशीनचं बाबांना पटलं. त्यांचं जुनं जाणार नाही हे कळल्यावर स्वतःच म्हणाले, युनिकोडवर एक पान टाइप करून पाहतो. माझ्या लॅपटॉपवर बसले होते. 'श्री'पाशी अडले, मग जमलं.

इतवारीच्या दादांना एकच विचारते: जुन्या मशीनवरून नव्यावर फाइल नेताना तुम्ही पेन ड्राइव्ह वेगळा ठेवता का? दुकानात एकच ड्राइव्ह सगळीकडे फिरतो आहे, आणि मला तिथेच भीती वाटते.