रविवारच्या पॅप तपासणीबद्दल (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी ५०२ : क्लबहाऊसमध्ये रविवारी १० वाजल्यापासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पॅप तपासणी (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने घेऊन लॅबमध्ये बघतात). वय ३० ते ६५, नावं द्या. ज्यांची पाळी चालू असेल त्यांनी या वेळी थांबा, रक्तात पेशी झाकल्या जातात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून १० ते २० वा दिवस उत्तम.

ए १०४ : आधीचे ४८ तास संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या-क्रीम नको आणि आतून धुणं तर अजिबात नको. "स्वच्छ होऊन येते" म्हणून बायका नेमकं हेच करतात आणि तपासायच्या पेशीच वाहून जातात. नेहमीसारखी आंघोळ पुरे.

सी २०३ : दुखतं का हो?

ए १०४ : काकू, दाब जाणवतो, दोन-तीन मिनिटांचं काम. आधी लघवीला जाऊन या, कंबर सैल सोडा. पाळी गेलेली असेल तर कोरडेपणामुळे टोचतं, तसं आधीच सांगून लहान स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून घालतात ते उपकरण) मागा.

डी ७०१ : लॅबच्या बाजूने सांगते. झाडूसारखा ब्रश असेल तर तो एकाच दिशेने पाच वेळा पूर्ण फिरवायला हवा. नमुना काचेवर घेतला तर काच त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जायला हवी. पंख्याखाली अर्धा मिनिट राहिली की पेशी वाळून फुगतात, केंद्रकं मोठी दिसतात आणि वाचणारा फसतो. म्हणून टेबल पंख्यापासून लांब लावा. बाटलीतल्या द्रवात नमुना घेणारे असतील तर ही कटकटच नाही. रिपोर्टवर 'अनसॅटिसफॅक्टरी' आलं तर घाबरू नका, नमुना अपुरा एवढाच अर्थ. २ ते ४ महिन्यांत पुन्हा द्यायचा.

ई ४०१ : सासूबाईंची पिशवी काढलीय, त्यांचं नाव नको ना?

ए १०४ : डिस्चार्जचा कागद बघा, वहिनी. 'सबटोटल' असेल तर गर्भाशयाचं तोंड तसंच राहिलंय, तपासणी हवी. 'टोटल' असेल, गाठींसाठीच काढली असेल आणि आधी कधी खराब पेशी सापडल्या नसतील, तर गरज नाही.

बी ३०६ : सरकारी शिबिरात व्हिनेगर लावून बघतात, ते कामचलाऊच ना?

डी ७०१ : मुळीच नाही. ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. आपल्याच मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने आरोग्यसेविकांना शिकवून हे केलं. २०१३ मध्ये निकाल आला, या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी. मात्र पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, तेव्हा ही पद्धत कमी पडते.

सी २०३ : नातीला या कॅन्सरची लस दिलीय, म्हणजे तिची सुटका?

ए १०४ : नाही काकू. ७० टक्क्यांच्या आसपास केसेस एचपीव्ही या विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात, लसीचा मुख्य रोख त्यांच्यावर. बाकीचे प्रकार उरतातच, त्यामुळे तिशीला तपासणी तिलाही. राहिलेल्या मुलींसाठी : ९ ते १४ वयात ६ महिन्यांच्या अंतराने २ डोस, १५ पासून ३ डोस (०, २, ६ महिने).

डी ७०१ : महत्त्वाचं राहिलं. संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल तर रविवारची वाट बघू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. अशा वेळी पॅप नॉर्मल आला तरी तेवढ्यावर थांबायचं नसतं.

बी ५०२ : रिपोर्ट बंद पाकिटात ज्याच्या-त्याच्या हातात मिळतील. कृपया ग्रुपवर फोटो टाकू नका.

ई ४०१ : सासूबाईंची फाइल माळ्यावर आहे. संध्याकाळी काढून कळवते.