मदत हवी आहे: पहिल्याच हल्ल्यात जिवाणू मरत असेल, तर शत्रूची आठवण साठवतो कोण?

नमस्कार. मी पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. क्रिस्पर, म्हणजे शत्रू विषाणूच्या डीएनएचे तुकडे आठवण म्हणून साठवणारी जिवाणूंची संरक्षणव्यवस्था, शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नावर मी अडले आहे.

वर्गात मी सुरुवात विरजणापासून केली. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवर फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, हल्ला करतात. त्यातून तगलेल्या जिवाणूंच्या क्रिस्पर पट्ट्यात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या डीएनएतील साठवणीच्या जागेत, त्याच फाजच्या डीएनएचे नवे तुकडे सापडतात आणि ते तुकडे काढून टाकले की संरक्षणही जाते, हे डॅनिस्को कंपनीतील बारांगू, होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले. साठवलेल्या तुकड्याची आरएनए प्रत कॅस९ या प्रथिनाला कापायची जागा दाखवते. २०१२ मध्ये शार्पेंटिए आणि डाउडना यांच्या गटांनी दोन आरएनए जोडून एकच मार्गदर्शक बनवला, आणि त्यातली २० अक्षरे बदलून हव्या त्या डीएनएवर कात्री चालवता येते हे सिद्ध केले. येथपर्यंत मुलांना नीट समजले.

मग ही कात्री जिवाणूच्या स्वतःच्या पट्ट्यातला तुकडा का कापत नाही, असे एकाने विचारले. त्याचे उत्तर माझ्याकडे होते: कॅस९ला लक्ष्याला लागूनच पॅम नावाचा छोटा क्रम लागतो, आणि तो फाजच्या डीएनएत असतो, पट्ट्यात नसतो. मला या व्यवस्थेतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

त्यावर ती विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ज्याच्याकडे तुकडाच नाही तो जिवाणू पहिल्या हल्ल्यात तासाभरात फुटून जाईल. मग तुकडा साठवून पुढच्या पिढीला द्यायला उरतो कोण?" लाखोंमधला एखादा वाचत असेल, एवढेच मी सांगू शकले. पण तो का वाचतो? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आत शिरणारा प्रत्येक फाज धडधाकट नसतो. कॅनडातील मोइनो यांच्या गटाने २०१४ मध्ये याच थर्मोफिलसवर दाखवले, की अतिनील किरणांनी निकामी केलेले फाज मिसळले असता नवे तुकडे मिळवणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढते. निकामी फाजचा डीएनए आत येतो, पण जिवाणू मरत नाही, आणि कॅस१ व कॅस२ या प्रथिनांना तुकडा पट्ट्यात बसवायला वेळ मिळतो. वर्गात याची तुलना निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या लशीशी खुशाल करा. दुसरी वाट अशी, की जिवाणूची इतर विकरे फाजचा डीएनए आधीच चिरतात आणि त्याचे अवशेष साठवणीला उपयोगी पडतात.

आणखी एक गोष्ट त्या मुलीला आवर्जून सांगा. थर्मोफिलसमध्ये तुकडा निवडतानाही कॅस९च पॅम ओळखते, म्हणून साठवलेली आठवण पुढे कापण्याच्या कामी येते.