संक्रांतीच्या वाणासाठी जपानमधील शंभर येनची दुकाने : सल्ला हवा आहे

शेवंती

नमस्कार. माझी मुलगी योकोहामाला राहते. मी नोव्हेंबरच्या अखेरीस तिच्याकडे जाणार आहे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परत येणार आहे. आल्या आल्या संक्रांत असते आणि आमच्याकडे हळदीकुंकवाला ३५ जणी येतात. इतकी वर्षे मी तुळशीबागेतून वाण आणत आले. परंतु प्लास्टिकचे डबे, गाळण्या आणि चमचे आता प्रत्येकीच्या घरी इतके साठले आहेत, की वाण हातात पडताच ते पुढे कोणाला देता येईल याचा विचार सुरू होतो आणि ते मला मनापासून खटकते. यंदा असे काही आणावे, की जे रोज वापरात राहील आणि बघितल्यावर बरेही वाटेल, अशी इच्छा आहे.

मुलीचे म्हणणे असे, की तिथल्या शंभर येनच्या दुकानांत हे सहज जमेल. मात्र तिला नोकरीमुळे माझ्याबरोबर फिरायला सवड नाही आणि मला जपानी येत नाही. एका वाणावर १०० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. परतीच्या सामानात वाणासाठी चार किलो वजन बाजूला ठेवता येईल. कोणत्या दुकानात जावे, काय घ्यावे आणि कशाला हात लावू नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निशीकासाईकर

शेवंतीताई, मी ९ वर्षे तोक्योत राहते आणि घरातील निम्म्या वस्तू याच दुकानांतून आणलेल्या आहेत, त्यामुळे अगदी खात्रीने लिहिते. आधी किमतीचे सांगते. पाटीवर १०० येन लिहिलेले असले तरी २०१९ पासून त्यावर १० टक्के उपभोग कर लागतो, म्हणून वस्तू ११० येनला पडते. खाद्यपदार्थांवर हाच कर ८ टक्के असल्याने ते १०८ येनला मिळतात. ११० येन म्हणजे सध्या साधारण साठ-पासष्ट रुपये धरा. तुमच्या हिशेबात हे आरामात बसते.

दाइसो हे यांतले सर्वांत मोठे नाव आहे. तेथे आता सगळेच १०० येनला नसते. ज्या वस्तूवर किंमत छापलेली नसते ती १०० येनची समजायची. २००, ३०० किंवा ५०० येनच्या वस्तूंवर तो आकडा छापलेला असतो. गल्ल्यावर गेल्यानंतर चकित व्हायचे नसेल तर वस्तू उलटून बघायची सवय ठेवा. सेरिया या दुकानाने मात्र प्रत्येक वस्तू १०० येनलाच विकण्याचा नेम आजवर पाळला आहे. घरातील दुरुस्ती, साफसफाई, बागकाम अशा गरजांसाठी मी दाइसोत जाते. पण दुसऱ्याला द्यायची वस्तू घ्यायची असेल तर माझी पावले सेरियाकडे वळतात, कारण तिथल्या कपबशा, कापड आणि कागद यांचे रंग शांत असतात आणि नक्षी डोळ्यांवर येत नाही. कॅन डू हे तिसरे नाव. तिथली दुकाने बहुधा लहान असतात, परंतु घराजवळ असेल तर एक फेरी मारून यावी.

तुम्हाला एकदा मोठे दुकान बघायचेच असेल तर तोक्योच्या गिन्झा भागातील मारोनिए गेट २ या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर दाइसोचे २०२२ साली उघडलेले प्रमुख दुकान आहे. तेथेच त्यांची थ्रीपी आणि स्टँडर्ड प्रॉडक्ट्स ही महागडी भावंडेही आहेत. योकोहामाहून युराकुचो स्थानकापर्यंत रेल्वेने जाता येते आणि तिथून ते पायी गाठता येते. स्टँडर्ड प्रॉडक्ट्समधील वस्तू फार सुबक असतात, परंतु बहुतेकांची किंमत ३०० येनपासून पुढे असल्यामुळे त्या वाणाच्या नव्हेत, स्वतःच्या घरासाठी एखादी घ्यावी.

डॉन किहोते या स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानाचे नाव तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवील. चॉकलेट, सौंदर्यप्रसाधने आणि प्रवासी बॅगा यांसाठी ते चांगले आहे. वाणासाठी तिथे वेळ घालवू नका. मालाच्या भिंती आणि अखंड वाजणारे गाणे यांत शांतपणे निवड करणे अवघड जाते.

गिफूवासी

मी गिफू प्रांतातील ताजिमी येथे राहतो. ताजिमी, तोकी आणि मिझुनामी या परिसरात मिनो पद्धतीची चिनी मातीची भांडी बनतात आणि जपानमधील रोजच्या वापराच्या भांड्यांचा फार मोठा भाग इथल्या भट्ट्यांतून बाहेर पडतो. त्यामुळे माझा सल्ला थोडा पक्षपाती वाटला तरी तो मनापासूनचा आहे : तुम्ही मामेझारा घ्या.

मामे म्हणजे कडधान्याचा दाणा आणि झारा म्हणजे बशी. नऊ-दहा सेंटिमीटर व्यासाची ही इवलीशी बशी जपानी लोक सोया सॉस किंवा लोणच्यासाठी वापरतात. आपल्या पानात डाव्या बाजूला वाढायच्या चटणी-लोणच्यासाठी ती जणू मापाने घडवलेली आहे. देव्हाऱ्यात निरांजनाखाली ठेवता येते, झोपताना अंगठी आणि कुड्या काढून तिच्यात ठेवता येतात. एखादीने त्यातच हळदकुंकू ठेवले तरी शोभेल. निळ्या रंगातील लाटा, फुले, ससे, चिमण्या अशी तिच्यावरची चित्रे असतात.

१०० येनच्या दुकानातील सगळीच भांडी जपानमध्ये बनत नाहीत, म्हणून मागची चिठ्ठी वाचायला शिका. जपानी येत नसले तरी एक खूण पुरते. उभा चौकोन आणि त्याच्या मधोमध आडवी रेघ, अशा अक्षराने देशाचे नाव सुरू होत असेल तर ती वस्तू जपानची. चौकोनातून वरपासून खालपर्यंत आरपार गेलेली उभी रेघ दिसली तर ती चीनची. चीनमध्ये बनलेली वस्तू वाईट असते असे मी म्हणत नाही. पण तुम्ही जपानहून आणलेले वाण म्हणून देणार आहात, तर ते जपानच्या मातीचे असावे, असे मला वाटते.

बशी उलटी धरून तळाच्या कड्यावरून बोट फिरवा. हे कडे बिनझिलईचे असते आणि भाजताना त्यावर कधी कधी वाळूसारखा खरखरीतपणा राहतो. अशी बशी काचेच्या टेबलावर किंवा ओट्यावर ओरखडे पाडते. कडे गुळगुळीत लागेल तीच घ्या. नंतर बशी सपाट फळीवर ठेवून काठावर हलकेच दाबा. डगमगली तर परत ठेवा. घरची एक बशी आत्ता स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली, ती ८५ ग्रॅम भरली. ३५ बशा म्हणजे तीन किलोंच्या आसपास होतात. तुमच्या चार किलोंत त्या बसतील.

सातारची लेक

गिफूवासींची सूचना सुंदर आहे, तरी एक वेगळा विचार मांडते. फुटण्याची धास्तीच नको असेल तर तेनुगुई बघा. हे साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असे पातळ सुती कापड असते. त्याच्या दोन्ही टोकांना शिवण नसते, कारण मोकळी टोके लवकर वाळतात आणि तिथे मळ साचत नाही. पहिल्या चार-पाच धुण्यांत टोकांचे धागे सुटतात. ते ओढायचे नाहीत, कात्रीने कापायचे. पुढे ती कडा आपोआप थांबते. ही गोष्ट वाण देताना सांगायला विसरू नका, नाहीतर घेणारीला कापड सदोष वाटेल. पहिले धुणेही वेगळे करायला सांगा, कारण गडद रंग जातो. पोळ्यांच्या डब्यात घालायला, प्रवासात डबा बांधायला किंवा ओले हात पुसायला ते अनेक वर्षे टिकते. मात्र १०० येनच्या दुकानात मिळणारी तेनुगुई कधी आखूड असते, म्हणून वेष्टनावरील माप बघून घ्या.

आता टाळायच्या गोष्टी. विजेवर चालणारे काहीही भारतात नेण्यासाठी घेऊ नका. जपानमधील घरगुती वीज १०० व्होल्टची आहे आणि आपली २३० व्होल्टची. मी तिथून आणलेला केस वाळवण्याचा पंखा साताऱ्याला लावल्याबरोबर जळला. लाखेसारखे दिसणारे लालकाळे वाडगे १०० येनला मिळतात, ते प्लास्टिकवर रंगाचा थर दिलेले असतात. ते वापरायला ठीक आहेत, पण कोणाला लाखकाम म्हणून देऊ नका. शोभेच्या काही बशा आणि पेल्यांत अन्न ठेवायचे नसते, तशी सूचना चिठ्ठीवर असते. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून ती वाचता येते.

तुमच्या नात्यात कोणाच्या बाळाचे बोरन्हाण असेल तर तेही याच फेरीत उरकेल. फळांच्या आणि प्राण्यांच्या आकाराची खोडरबरे, ओरिगामीचे कागद आणि चिकटचित्रे मुलांना चुरमुऱ्यांबरोबर लुटायला फार आवडतात. २५ डिसेंबर उलटला की नाताळचा माल जाऊन नववर्षाचा माल पुढे येतो. त्यात पोची-बुकुरो नावाची चिमुकली पाकिटे असतात, ज्यांतून जपानी मुलांना नववर्षाचे पैसे दिले जातात. आपली नोट त्यांत दुमडून घालावी लागते, परंतु मुलांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवायला ती पाकिटे मोठी गोड दिसतात.

शेवंती

आपण सर्वांनी इतके बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वाचता वाचताच मामेझारावर मन बसले. दोन शंका उरल्या आहेत. एकाच नक्षीच्या ३५ बशा एका दुकानात मिळतील का? आणि पर्यटकांना कर माफ असतो असे ऐकले आहे, तो या खरेदीवर मिळेल का?

निशीकासाईकर

ताई, फळीवर एका नक्षीच्या बहुधा आठ-दहाच बशा असतात. बशीच्या चिठ्ठीवरील बारकोडचा फोटो काढून कर्मचाऱ्याला दाखवा आणि बोटांनी संख्या सांगा. आत साठा असेल तर ते आणून देतात. दाइसोच्या ॲपवर जवळच्या दुकानांतील साठाही दिसतो, ते काम मुलीकडे सोपवा. मला विचाराल तर सात नक्षी निवडून प्रत्येकीच्या पाच घ्याव्यात. जपानी घरांत भांड्यांचा संच बहुधा पाचाचा असतो, आणि सात ठिकाणी फिरण्यापेक्षा एका दुकानात ते जमून जाते. आलेल्या बायकांनाही ताटातून आपल्या आवडीची बशी उचलता येईल.

करमाफीसाठी एका दुकानात एका दिवशी करापूर्वी किमान ५,००० येनची खरेदी लागते आणि ती पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीने स्वतःच्या पासपोर्टवर करावी लागते, मुलीला ती मिळणार नाही. शिवाय १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी भरून देश सोडताना परत घेण्याची पद्धत आहे. तुमच्या बशा ३,५०० येनच्या होतात. वाचणारे ३५० येन मिळवण्यासाठी १,५०० येनचा नको असलेला माल उचलू नका.

गिफूवासी

दोन बशा जास्तीच्या घ्या. गल्ल्यापलीकडे बांधाबांधीची फळी असते. तिथे बहुतेक दुकानांत जुनी वर्तमानपत्रे किंवा गुंडाळायचा कागद ठेवलेला असतो. प्रत्येक बशी वेगळी गुंडाळा. पिशवीचे पैसे पडतात, तेव्हा कापडी पिशवी सोबत न्या. बॅगेत बशा एकावर एक आडव्या रचू नका. पुस्तके फळीवर लावतो तशा काठावर उभ्या लावा आणि दोन्ही बाजूंनी स्वेटर दाबून बसवा. मी आईकडे दर खेपेला अशाच नेतो आणि आजवर एकही फुटलेली नाही.