दाट जंगलाचं जुनं एचिंग घ्यायचंय, सल्ला हवा

रानभूल: मंडळी, रशियन चित्रकार इव्हान शिश्किनचं एक एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) ऑनलाइन लिलावात आलंय. पाइनचं गच्च रान. १८९४च्या अल्बममधलं आहे म्हणतात. फोटोवरूनच जीव जडलाय, पण छापचित्रांतलं काही कळत नाही. अस्सल कसं ओळखू?

ताम्रपट: अल्बम खरा आहे. पीटर्सबर्गच्या मार्क्स या प्रकाशकाने काढला होता, १८७० ते १८९२ मधली ६० एचिंग्ज. विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा. एक कडेचा, तिरप्या उजेडात: पत्र्याच्या दाबाने कागदात चौकोनी खळगा पडलेला दिसला पाहिजे. पण तेवढ्यावर जाऊ नका, फोटोग्राव्ह्युअरलाही, म्हणजे फोटोवरून पत्रा कोरून छापलेल्या नकलेलाही, तो असतो. दुसरा फोटो सगळ्यात काळ्या भागाचा, भिंगातून काढलेला. ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला, ती यांत्रिक नक्कल. फोटो द्यायला टाळाटाळ केली तरी सोडून द्या.

शाईवाला: छापखान्यात हात काळे करतो म्हणून सांगतो, रेषेची खोली बघा. पत्र्यावर मेण-डांबराचा थर देतात, सुईने चित्र ओरखडतात, मग पत्रा आम्लात. लांबची झाडं थोडाच वेळ खाऊ द्यायची, व्हर्निशने झाकायची आणि पत्रा पुन्हा आम्लात. पुढची खोडं अशी जास्त वेळ खाल्ली जातात, त्यांच्या रेषांत शाई भरपूर बसते आणि कागदावर बोटाला जाणवेल इतकी उठते. मागची झाडी विरळ, राखाडी. जंगलात आत शिरल्यासारखं वाटतं ते या पायऱ्यांमुळे. यांत्रिक नकलेत बहुधा सगळं एका पातळीवर येतं.

पानगळ: बजेट कमी असेल तर फ्रेंच चित्रकार थिओडोर रूसोचं १८६१चं ‘शेन द रोश’ शोधा. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलातले खडकांमधले ओक. ‘गॅझेट दे बोझार’ या नियतकालिकातून निघालं होतं, त्यामुळे प्रती बऱ्याच आहेत. हे जंगल तोडू नये म्हणून रूसोने थेट सम्राटाकडे दाद मागितली होती, आणि १८६१मध्येच त्यातलं हजारेक हेक्टर चित्रकारांसाठी राखलं गेलं. मला तरी हे शिश्किनपेक्षा जास्त आवडतं. आधी डोळा तयार करायचा असेल तर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या साइटवर दोबिन्यी या फ्रेंच निसर्गचित्रकाराची एचिंग्ज मोठ्या आकारात फुकट बघता येतात.

रानभूल: फोटो आले! जाळी नाही, खोडं काळीकुट्ट. पण कागद खळग्याच्या आतून कापलाय.

ताम्रपट: मग किंमत पाडून मागा. चित्र त्याने खोटं ठरत नाही, पण पडताळणीची एक खूण गेली, तेव्हा खात्रीचं लेखी घ्या. घेतलंत तर आम्लमुक्त माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यात) बसवा, उन्हापासून लांब ठेवा. कोकणात असाल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर अजिबात नको, कागदावर तपकिरी डाग धरतात.